मिठावरचा कर आणि रुपयामागे आठ पैसे

‘कर’ या एका लहानशा शब्दाला मराठीत तीन अर्थ आहेत. कर म्हणजे हात, कर म्हणजे किरण आणि कर म्हणजे प्रजेने राज्याला द्यावयाचा द्रव्यांश. कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात दिलीप राजाच्या करग्रहणाला सूर्याची उपमा दिली आहे. सूर्य आपल्या किरणांनी पृथ्वीवरचे पाणी वर ओढून घेतो. पण ते पावसाच्या रूपाने अनेक पटींनी परत देण्यासाठी. कराविषयीचे सारे वाद या एका उपमेत सामावलेले आहेत, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. घेणारा हात कोणाचा, तो किती घेतो, आणि घेतलेले परत येते की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर करामुळे देश समृद्ध होतो की दरिद्री होतो, हे अवलंबून असते.

सामान्यतः मात्र लोक यांपैकी एकाच प्रश्नाचा विचार करतात, तो म्हणजे किती? कर कमी असला की व्यापार वाढतो आणि जास्त असला की उद्योग मरतो, असे एक पक्ष सांगतो. धनिकांकडून भरपूर कर घेतल्याशिवाय राष्ट्र उभे राहत नाही, असे दुसरा पक्ष सांगतो. दोन्ही पक्ष आपापल्या समर्थनार्थ अमेरिकेचा दाखला देतात, आणि मौज अशी, की अमेरिकेचा इतिहास दोघांनाही थोडा थोडा दाखला पुरवितो.

अमेरिकेत आजच्या स्वरूपाचा आयकर १९१३ साली, सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर सुरू झाला. तेव्हा त्याचा सर्वोच्च दर शेकडा सात होता. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, तो शेकडा सत्याहत्तरपर्यंत चढला. युद्धानंतर अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी तो उतरवीत १९२५ साली पंचविसावर आणला, आणि त्या दशकात उद्योगांची भरभराट झाली. कमी कराचे पुरस्कर्ते येथे थांबतात. परंतु इतिहास येथे थांबला नाही. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, महामंदी आली, आणि कमी दर तिला अडवू शकला नाही. पुढे १९४४ साली हाच दर शेकडा चौऱ्याण्णव झाला, आणि १९५० च्या दशकात तो नव्वदीच्या वरच राहिला. तरीही त्याच काळात अमेरिकन कामगाराने घर घेतले, मोटार घेतली, मुलाला महाविद्यालयात पाठविले. जास्त कराचे पुरस्कर्ते येथे थांबतात. परंतु त्या दराच्या कक्षेत येणारी माणसे अगदी थोडी होती आणि कायद्यातील सवलतींमुळे त्यांनाही प्रत्यक्षात पुष्कळ कमी द्यावे लागे, हे ते सांगत नाहीत. १९६४ साली सर्वोच्च दर कमी करण्याचा कायदा झाला आणि तो सत्तरावर आला, तेव्हाही सुबत्ता होती. १९८६ च्या कायद्याने तो अठ्ठाविसावर आणला, तेव्हाही उद्योग चालत होते. पण सरकारी कर्ज फुगत होते. १९९३ साली तो पुन्हा चढविला गेला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या अंदाजपत्रकात शिल्लक पडू लागली.

या चढउतारांतून एकच निष्कर्ष निघतो. केवळ दराचा आकडा पाहून राष्ट्राच्या समृद्धीचे भाकीत करता येत नाही. ज्वर मोजण्याच्या नळीतील पारा पाहून रोग्याला काय झाले आहे हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून उरलेल्या दोन प्रश्नांकडे वळावे लागते: कर कोण व कोणाच्या संमतीने घेतो, आणि तो जातो कोठे?

संमतीचा प्रश्न तर अमेरिकेच्या जन्माशीच निगडित आहे. १७७३ च्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकण्यात आल्या, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. त्या वर्षीच्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला चहा थेट वसाहतींत नेण्याची सवलत मिळाली होती आणि त्यामुळे तो चहा पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता, ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. चहा स्वस्त होत असतानाही तो लोकांनी नाकारला. कारण ज्या पार्लमेंटात त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता, त्या पार्लमेंटाने त्यावर बसविलेला पौंडामागे तीन पेन्सांचा कर तसाच होता. त्यांची तक्रार रकमेविषयी नव्हती, अधिकाराविषयी होती.

विनियोगाचा प्रश्न समजावून घ्यावयाचा असेल, तर मिठासारखे दुसरे उदाहरण नाही. मीठ श्रीमंतालाही लागते आणि भिकाऱ्यालाही लागते. म्हणून मिठावरचा कर हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत अन्याय्य करांपैकी एक मानला जातो. हा कर अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानातही होता आणि हिंदुस्थानातही होता. दोन्ही ठिकाणी त्याचे फळ मात्र अगदी भिन्न निघाले.

न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने १८१७ साली हडसन नदी आणि ईरी सरोवर यांना जोडणारा ३६३ मैलांचा कालवा खणण्याचे ठरविले. मध्यवर्ती सरकारने मदत नाकारली होती. गव्हर्नर डी विट क्लिंटन यांची ‘क्लिंटनचा खड्डा’ म्हणून टवाळी होत होती. कालव्यासाठी कर्ज उभारावयाचे, तर सावकारांना व्याजाची हमी पाहिजे. ती हमी देण्यासाठी संस्थानाच्या पश्चिम भागात तयार होणाऱ्या मिठावर दर बुशेलला साडेबारा सेंट कर, लिलावाच्या मालावरील कर आणि कालव्यावर मिळणारा टोल, एवढे उत्पन्न एका स्वतंत्र निधीत ठेवण्यात आले. मिठाचा पैसा दुसऱ्या कोणत्याही खात्यात जावयाचा नव्हता. १८२५ च्या ऑक्टोबरात कालवा खुला झाला. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल नेण्यास पूर्वी सुमारे शंभर डॉलर लागत, ते दहा डॉलरांच्या आसपास आले. आतील प्रदेशाचा गहू समुद्राकाठी पोहोचू लागला, वाटेवरची खेडी शहरे झाली, आणि न्यूयॉर्क हे त्या देशाचे पहिले बंदर झाले. ज्या शेतकऱ्याने मिठामागे काही सेंट जास्त दिले होते, त्याला ते गव्हाच्या भावातून परत मिळाले.

हे चित्र रंगविताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. ते मिठाचे झरे ज्या भूमीत होते ती मूळची ओनोंडागा या आदिवासी लोकांची होती, आणि समृद्धीच्या वाटणीत त्यांचे नाव नव्हते. दुसरी गोष्ट अशी, की न्यूयॉर्कचे यश पाहून इतर अनेक संस्थानांनी आंधळेपणाने कालव्यांसाठी कर्जे काढली. १८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतर त्यांपैकी कित्येकांना व्याजही देता आले नाही. खर्च केला म्हणजेच फळ येते, असे नव्हे. खर्चाची निवड आणि त्याचा हिशेब हेही तितकेच महत्त्वाचे असतात.

आता हिंदुस्थानातील मीठ पाहावे. १८८८ साली सरकारने मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. पुढील काळात देशावर एकामागून एक संकटे आली. १८९६-९७ चा दुष्काळ, प्लेगची साथ आणि १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ यांनी महाराष्ट्र व गुजरात पोळून निघाले. अशा स्थितीत सरकारच्या अंदाजपत्रकात मात्र मोठी शिल्लक दिसत होती, आणि देशाची भरभराट होत असल्याचा तो पुरावा आहे, असे अर्थखाते सांगत होते. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले आपल्या पहिल्या अंदाजपत्रकीय भाषणासाठी उभे राहिले. कोकणातील कोतळूक या खेड्यात जन्मलेला आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित व अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे तारुण्य गेले, अशा एका शिक्षकाने त्या दिवशी सरकारच्या शिलकीचा सारा डोलारा पाडून टाकला. त्यांचे म्हणणे साधे होते: प्रजा उपाशी असताना तिजोरी भरलेली असणे हे समृद्धीचे लक्षण नव्हे, गरजेपेक्षा जास्त कर घेतला जात असल्याचे ते लक्षण होय.

गोखल्यांनी मिठाचा कर कमी करण्याची मागणी आकड्यांनिशी केली आणि ती वर्षानुवर्षे लावून धरली. १९०३ साली कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर, आणि १९०७ साली एक रुपयावर. कर उतरत गेला तसतसा मिठाचा खप वाढत गेला. याचा अर्थ असा, की पूर्वी गरिबांच्या घरी माणसांना आणि गुराढोरांना पुरेसे मीठही मिळत नव्हते. १९०३ सालीच आयकराची किमान मर्यादा पाचशे रुपयांवरून हजार रुपयांवर गेली आणि लहान कारकून, दुकानदार व शिक्षक यांनाही थोडा श्वास घेता आला.

परंतु गोखल्यांची मागणी केवळ कर कमी करा एवढीच नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. घेतलेला पैसा लष्करावर आणि विलायतेतील खर्चावर न जाता शिक्षणावर, आरोग्यावर आणि पाटबंधाऱ्यांवर खर्च व्हावा, असा त्यांचा आग्रह असे. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी १९११ साली आणले ते याच विचाराने. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर जे सांगितले, त्याचाच हा पुढचा भाग होता: सूर्याने पाणी ओढून घ्यावयाचे आणि पाऊस मात्र परक्या देशात पाडावयाचा, अशी ती राज्यव्यवस्था होती.

मीठ एकच, कर एकच. न्यूयॉर्कच्या शेतकऱ्याला त्यातून कालवा मिळाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला काय मिळाले, हे गोखल्यांनी सरकारला विचारले. भेद दरात नव्हता. भेद होता तो हा, की न्यूयॉर्कचा कर तेथील लोकांच्या प्रतिनिधींनी बसविला होता आणि त्याचा निधी डोळ्यांसमोर होता.

घेणाऱ्या हाताचा प्रश्न अद्याप उरला आहे, आणि त्यासाठी हैदराबादच्या इतिहासासारखा धडा शोधून सापडणार नाही. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सारावसुली मक्त्याने दिली जात असे. जो अधिक नजराणा देईल त्याला तालुका मिळावयाचा. नजराण्यासाठी तो सावकाराकडून कर्ज काढावयाचा. उद्या दुसरा कोणी अधिक नजराणा घेऊन दरबारात उभा राहिला, की पहिल्याचा मक्ता जावयाचा. अशा माणसाला पुढील वर्षीच्या पिकाची काळजी का वाटावी? आज हाती येईल तेवढे पिळून घ्यावयाचे, हाच त्याचा धर्म. राजा चंदूलाल यांच्या दीर्घ कारभारात संस्थानावर कर्जाचा डोंगर झाला, तालुकेच्या तालुके अरब जमादारांकडे आणि सावकारांकडे गहाण पडले, आणि रयत देशोधडीला लागली. येथे कर जास्त होता म्हणूनच दारिद्र्य आले असे नव्हे. रयतेकडून निघालेला रुपया तिजोरीत पोहोचेपर्यंत त्याची चवली-पावली होत होती, हे त्याचे मुख्य कारण होय. पुण्याच्या दरबारातही दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती याच रीतीने मक्त्याने जात, आणि त्याचे फळही असेच झाले.

ही रीत फार जुनी आहे. रोमन साम्राज्यातही करवसुली मक्त्याने दिली जाई, आणि म्हणूनच शुभवर्तमानात जकातदार हा शब्द पापी माणसाच्या बरोबरीने येतो. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय याचा पश्चात्ताप तेथे वर्णिला आहे. त्याने देवळात जाऊन केवळ प्रार्थना केली नाही. ज्याच्याकडून अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देण्याचे वचन दिले. करवसुलीतील पापाचे परिमार्जन हिशेबानेच होते, ही त्या कथेतील खूण ध्यानात घेण्याजोगी आहे.

१८५३ साली इंग्रजांनी फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाडचा ताबा घेतला. त्याच वर्षी अवघ्या चोवीस वर्षांच्या मीर तुराब अली खान यांच्याकडे दिवाणगिरी आली. सालारजंग या किताबाने पुढे ते प्रसिद्ध झाले. रिकामी तिजोरी आणि गहाण पडलेले तालुके, एवढीच त्यांची शिदोरी होती. अशा वेळी नवे कर बसविण्याचा मोह कोणालाही झाला असता. सालारजंगांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी गहाण तालुके हळूहळू सोडवून घेतले, मक्तेदारांच्या जागी पगारी अधिकारी नेमले आणि १८६५ साली जिलाबंदी करून संस्थानाची जिल्ह्यांत रीतसर विभागणी केली. तेलंगणात धान्याच्या वाट्याने होणारी वसुली रोखीवर आणण्यात आली. मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीन मोजणीला १८७० च्या दशकात आरंभ झाला. शेतकऱ्याला आपण किती द्यावयाचे हे आधी कळू लागले, आणि एवढ्यानेच फार मोठा फरक पडला. रयतेवरील जुलूम कमी झाला आणि तिजोरीचे उत्पन्न मात्र वाढले. १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला. १८८३ साली सालारजंग पटकीने निवर्तले, तेव्हा संस्थान पूर्वीच्या दिवाळखोरीतून कितीतरी बाहेर आले होते.

मात्र ही सुधारणा सगळ्या संस्थानाला पोहोचली नाही. निजामाची खासगी मालमत्ता म्हणजे सर्फ-ए-खास आणि जहागिरी मिळून राज्याचा सुमारे चाळीस टक्के भाग दिवाणी कारभाराच्या बाहेर राहिला. तेथे जुना हात तसाच पसरलेला होता. सारा जहागीरदार ठरवी आणि वेठही तोच घेई. पोलीस कारवाईनंतर, १९४९ च्या ऑगस्टमध्ये, जहागिरी रद्द झाल्या, तेव्हाच तो हात मागे गेला. तोपर्यंत तेलंगणाच्या खेड्यांत सशस्त्र लढा पेटलेला होता, आणि त्याच्या मुळाशी हीच वसुली व हीच वेठ होती.

दिवाणी भागातून जमणाऱ्या पैशाचे काय झाले, याचे उत्तर संमिश्र आहे, आणि ते न्यायाने दिले पाहिजे. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर येऊन शहराचा मोठा भाग वाहून गेला. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने पूरनियंत्रणाची योजना आखली गेली. १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर हे तलाव पुरे झाले. निजामसागर १९३१ साली बांधून झाला. ही कामे प्रजेच्या पैशाची झाली आणि प्रजेच्या उपयोगी पडली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मान त्याने मिळविला.

पण ती देशी भाषा उर्दू होती. संस्थानातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलत होती आणि सुमारे चतुर्थांश प्रजा मराठी. नांदेडचा किंवा बीडचा शेतकरी जो सारा भरी, त्यातून त्याच्या मुलाला त्याच्या भाषेत पुढचे शिक्षण मिळत नसे. करोडगिरीच्या नाक्यावर तो मालावर जकात देई. अबकारीच्या उत्पन्नातही त्याच्याच घामाचा पैसा असे. आणि १९४१ सालीदेखील संस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा दहाच्या आतच होते. म्हणून हैदराबादच्या मराठी आणि तेलुगू माणसांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी दुसऱ्यांदा कर भरला. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या प्रारंभी विवेकवर्धिनी ही शाळा उभी राहिली ती वर्गणीतून. सुलतान बाजारातील श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ साली निघाले तेही वर्गणीतून. एक कर सरकारचा, तो भीतीने दिला जाई. दुसरा भाषेचा, तो प्रेमाने दिला जाई. पहिल्यापेक्षा दुसऱ्यातून लोकजागृती अधिक झाली, हे पुढच्या मुक्तिसंग्रामाने दाखवून दिले.

या दुसऱ्या कराला कायद्याचे रूप यावे, ही कल्पना स्वातंत्र्यानंतर प्रत्यक्षात आली. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांच्या प्रयत्नाने मद्रास प्रांतात १९४८ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्यात ग्रंथालयांसाठी घरपट्टीवर उपकर बसविण्याची तरतूद आली. हैदराबाद राज्याने १९५५ साली आपला ग्रंथालय कायदा केला. राज्य पुनर्रचनेनंतर, १९६० साली, आंध्र प्रदेशाचा एकत्रित कायदा आला, आणि २०१४ साली तेलंगण राज्य झाल्यावर तीच व्यवस्था पुढे चालली. या व्यवस्थेत मालमत्ता कराच्या दर रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय उपकर म्हणून घेतले जातात. महाराष्ट्राने १९६७ साली आपला ग्रंथालय कायदा केला तेव्हा मात्र असा उपकर ठेवला नाही. तेथे ग्रंथालये सरकारी अनुदानावर चालतात.

येथेही अमेरिकेचा इतिहास वाटाड्या ठरतो. न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो या लहानशा गावाने १८३३ साली, अॅबिएल अॅबट या धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने, बँकांवरील करातून मिळालेल्या पैशाचा एक भाग पुस्तकांसाठी राखून ठेवला आणि सर्वांना मोफत खुले असे ग्रंथालय काढले. पुढे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेत १,६८९ ग्रंथालयांच्या इमारतींसाठी पैसे दिले; पण दान घेणाऱ्या प्रत्येक गावावर त्यांनी अट घातली, की देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम गावाने दरवर्षी आपल्या करातून ग्रंथालयाला दिली पाहिजे. इमारत दानातून उभी राहते, पण दिवा करातून जळत राहतो, हे त्या व्यवहारी माणसाने ओळखले होते. काही गावांनी ही अट मान्य न करता देणगी नाकारली. ज्यांनी ती मानली, त्यांची ग्रंथालये दाता गेल्यावरही चालू राहिली.

हैदराबादेत हा उपकर डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर नारायणगुड्याहून आर. टी. सी. चौरस्त्याकडे जाताना लागणाऱ्या चिक्कडपल्लीत जावे. त्यागराय गानसभेमुळे संगीतप्रेमींना परिचित असलेल्या याच भागात शहर मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तेथे कादंबऱ्या वाचणारे वृद्ध असतात, वर्तमानपत्रे चाळणारे असतात. परंतु बहुसंख्या आहे ती सरकारी नोकरीच्या स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींची. शेजारच्या अशोकनगरमध्ये शिकवणी वर्गांची दाटी आहे, आणि तेलंगणाच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली ही मुले दाटीवाटीच्या खोल्यांतून राहतात. ज्याच्या खोलीत पाय पसरण्यास जागा नाही, त्याला येथे टेबल, दिवा आणि पंखा मिळतो. शेतमजुराचा मुलगा व अधिकाऱ्याचा मुलगा एकाच बाकावर शेजारी शेजारी बसतात. हे टेबल कोणाच्या मेहेरबानीने मांडलेले नाही. ते घरपट्टी भरणाऱ्यांच्या आठ-आठ पैशांतून मांडलेले आहे.

हिशेब करून पाहिला तर तो मोठा सोपा आहे. ज्या घराची पट्टी वर्षाला हजार रुपये, त्याने ऐंशी रुपये द्यावयाचे. भाडेकरूही आपल्या भाड्यातून त्यातील वाटा उचलीत असतो. ऐंशी रुपयांत आज एक बरे पुस्तकही विकत मिळत नाही. पण अशा हजारो घरांचे ऐंशी रुपये एकत्र आले, की हजारो पुस्तके, वाचनकक्ष आणि ते सांभाळणारी माणसे उभी राहतात. एकट्याला जे कधीच विकत घेता येणार नाही ते सर्वांनी मिळून घ्यावयाचे, हाच कराचा मूळ हेतू होय. ईरीचा कालवा काय आणि चिक्कडपल्लीचे ग्रंथालय काय, तत्त्व एकच आहे. कालव्याने गव्हाची वाट स्वस्त केली. ग्रंथालय विद्येची वाट स्वस्त करते. शिकलेला तरुण पुढे मिळविता झाला, की तोच कर भरू लागतो, आणि हे चक्र पुढे चालते.

परंतु हे चक्र कोठे अडखळते, हेही सांगितले पाहिजे. उपकर गोळा करते नगरपालिका किंवा महानगरपालिका आणि खर्च करावयाचा असतो ग्रंथालय संस्थेने. गोळा झालेली रक्कम वेळेवर संस्थेच्या खात्यात जात नाही आणि थकबाकी साचत राहते, अशी तक्रार राज्यातील ग्रंथालयांच्या बाबतीत वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून येत राहिली आहे. पैसा कोणी खिशात घातला असे नव्हे. तो दुसऱ्या निकडीच्या कामाला वापरला जातो. पण नागरिकाने तो रस्त्यासाठी दिला नव्हता आणि दिव्याच्या खांबासाठीही दिला नव्हता. त्याच्या पावतीवर ग्रंथालय हा शब्द होता. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने मिठाचा कर कालव्याच्या निधीत वेगळा ठेवला, त्याचे मर्म येथे कळते. ज्या नावाने घेतले त्याच कामाला लावले नाही, तर करही राहतो, पावतीही राहते. फक्त वाचनकक्षात खुर्ची कमी पडते, नवे पुस्तक येत नाही, आणि वाचकाला ते का येत नाही हे कळत नाही.

सालारजंगांच्या आधीच्या काळी रयतेचा रुपया वाटेत मक्तेदाराच्या घरी मुक्काम करीत असे. आज मक्तेदार नाही, राज्य लोकांचे आहे, प्रतिनिधी लोकांनी निवडलेले आहेत. बोस्टनच्या लोकांना जे नव्हते ते येथल्या नागरिकाला आहे. मग रुपयाचा मुक्काम कोठे लांबतो, हे विचारण्याचे काम त्याचेच आहे. कर भरताना कुरकुर करणारे पुष्कळ असतात. कर भरल्यावर त्याचा हिशेब मागणारे फार थोडे असतात. कुरकुरीने कर चुकविण्याच्या युक्त्या वाढतात, आणि हिशेब मागितल्याने कर फळाला येतो. गोखल्यांनी आयुष्यभर हेच दुसरे काम केले. त्यांच्या हाती मताधिकाराने मिळालेली सत्ता नव्हती; सरकारनेच छापलेली अंदाजपत्रके होती आणि ती रात्र रात्र जागून वाचण्याची चिकाटी होती.

महानगरपालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी प्रसिद्ध होते, आणि ग्रंथालय संस्थेलाही आपला जमाखर्च असतो. एका बाजूला उपकर म्हणून किती जमले आणि दुसऱ्या बाजूला ग्रंथालयाला किती मिळाले, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. चौथ्या इयत्तेची वजाबाकी पुरते. चिक्कडपल्लीच्या वाचनकक्षात परीक्षेसाठी अर्थशास्त्राची पुस्तके पाठ करणाऱ्या तरुणांनी, आणि घरपट्टीच्या पावत्या वर्षानुवर्षे जपून ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, ती वजाबाकी एकदा अवश्य करून पाहावी, आणि जी बाकी उरेल ती आपल्या निवडून दिलेल्या प्रतिनिधीसमोर ठेवावी.